गाडीवाटेची पायातयारी
घराच्या फाटकापासून पोर्चपर्यंत वाहन नेण्यासाठी आवारात बांधलेल्या खाजगी रस्त्याला गाडीवाट म्हणतात; बोलताना गोव्यात सर्रास ‘ड्राइव्हवे’ हाच शब्द वापरतात. पेव्हर (सिमेंटचे फरशीसारखे ठोकळे), काँक्रीट, डांबर किंवा जांभ्याची फरसबंदी यांपैकी काहीही घालण्याआधी खालची जमीन तपासणे, कुचकामी माती काढणे, ढाळ ठरवणे आणि भरावाचे व खडीचे थर दाबून बसवणे या कामांना मिळून पायातयारी म्हणता येईल. हा सगळा भाग पुढे झाकला जातो, म्हणून खर्चाला कात्री लावायची वेळ आली की ती प्रथम इथेच चालते, आणि दोन पावसाळ्यांनंतर वाट खचली की दोष मात्र पेव्हरला दिला जातो.

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो व त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. १५ मी. लांब आणि ३ मी. रुंद अशा साध्या गाडीवाटेवर या हिशोबाने वर्षाकाठी १,३५,००० लिटर पाणी पडते. छपराच्या पागोळ्या आणि वरच्या चढावरून उतरणारे पाणी वेगळेच. कोरडी असताना गाडीचे वजन सहज पेलणारी माती भिजल्यावर चाकाखाली दबू लागते, आणि म्हणूनच रस्तेबांधणीत मातीची भारक्षमता मोजताना नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत आहे. गोव्यातल्या घरगुती गाडीवाटेला गाडीच्या वजनापेक्षा या पाण्याचे भय अधिक असते, आणि पायातयारीतले बहुतेक निर्णय त्यावरूनच ठरतात.

जमिनीचा प्रकार पाहिल्याशिवाय खोदाई किती करावी हे सांगता येत नाही. सड्यांवर, म्हणजे कातळाच्या सपाट पठारांवर, आणि टेकड्यांच्या उतारांवर जांभा असतो. फ्रान्सिस ब्यूकॅनन याने १८०७ मध्ये मलबारातील ज्या दगडाचे वर्णन केले, तोच हा चिऱ्यांचा दगड. खाणीत तो मऊ असतो आणि हवा लागल्यावर घट्ट होतो. जांभ्याचे टणक कवच हा गाडीवाटेसाठी उत्तम आधार आहे, परंतु ते सलग असेलच असे नाही. कवचाच्या खाली पुष्कळदा पांढरट-तांबूस चिकणमातीचा थर असतो. उतार कापून आवार सपाट केले की हा थर उघडा पडतो, आणि तो भिजल्यावर साबणासारखा निसरडा होतो. अशा ठिकाणी पहार आपटून आवाज ऐकण्याची गवंड्यांची जुनी रीत अजूनही उपयोगी पडते: टणटणीत आवाज आला तर खाली दगड आहे, आणि ‘बद्द’ आवाज आला तर पोकळी, वारूळ किंवा मऊ माती आहे असे समजावे.

कळंगुट, कोलवा यांसारख्या किनारपट्टीच्या गावांतली रेती पाण्याचा निचरा झटकन करते, पण तिला कडेने आवळून धरणारे काही नसेल तर ती चाकाखालून बाजूला सरकते. तिसवाडीतील चोडण-दिवाडीसारख्या बेटांवर खाजनांच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनींच्या) लगत असलेली गाळाची जमीन सर्वांत अवघड. तिथे पाण्याची पातळी पृष्ठभागाच्या अगदी जवळ असते आणि वरून टाकलेली खडी गाळात रुतत जाते. खडी आणि गाळ यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचे, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कृत्रिम धाग्यांचे, कापड अंथरल्यास दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. नुसता खडीचा थर वाढवत नेण्यापेक्षा हा उपाय स्वस्त पडतो.

निचऱ्याची परीक्षा घरच्या घरी होते. हात-दीड हात खोलीचा खड्डा खणून तो संध्याकाळी पाण्याने भरावा. सकाळी खड्डा कोरडा असेल तर जमीन पाणी पिते, आणि पाणी तसेच उभे असेल तर गाडीवाटेखाली पाझर-चर (साचलेले पाणी बाहेर नेणारा चर) काढल्याखेरीज गत्यंतर नाही.

खोदाईत वरची काळसर, मुळांनी आणि पालापाचोळ्याने भरलेली माती पूर्ण काढावी लागते. बागेत ती सोन्यासारखी, पण चाकाखाली ती कुजून बसते. तोडलेल्या माडाचा बुंधा जमिनीत तसाच ठेवून वरून मुरूम (भरावाची जाडीभरडी माती) ओतण्याची घाई अनेकांना नडते. बुंधा कुजतो, खाली पोकळी उरते आणि काही वर्षांनी नेमका तिथेच थाळीएवढा खळगा पडतो. वारुळे तळापर्यंत उकरून काढून ती जागा थराथराने भरावी. झाड तोडण्यासाठी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. डोंगर कापायचा किंवा सखल जमीन भरायची असेल, तर १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याचे कलम १७-अ लागू होते. खाजनाच्या किंवा शेताच्या कडेला चार ट्रक माती टाकून वाट काढणे हे वरवर किरकोळ काम वाटले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते भराव घालणेच ठरू शकते.

भराव दाबण्याच्या कामात ओलाव्याला सर्वाधिक महत्त्व आहे. अमेरिकन अभियंता राल्फ प्रॉक्टर याने १९३३ मध्ये दाखवून दिले, की प्रत्येक मातीला एका विशिष्ट ओलाव्यावर सर्वाधिक घट्टपणा येतो. त्याहून कोरडी माती दबत नाही आणि त्याहून ओली माती नुसती डुलते. कोकणी-मराठी घरांना हे दुसऱ्या वाटेने ठाऊक होतेच. पावसाळा सरल्यावर अंगण उकरून, पाणी शिंपडून, माती मुरू देऊन मग लाकडी पेटण्याने ते चोपले जाई आणि शेणाने सारवून तुळशीच्या लग्नासाठी सज्ज केले जाई. पाणी कधी थांबवायचे हे घरातल्या बाईच्या हाताला कळे. आजही साइटवर तीच परीक्षा चालते. मुठीत मुरूम घट्ट आवळावा. गोळा झाला, बोटांचे ठसे त्यावर उमटले, तळहाताला चिखल लागला नाही आणि दोन बोटांनी दाबताच गोळ्याचे दोन-तीन तुकडे झाले, तर ओलावा योग्य आहे. गोळाच झाला नाही तर पाणी शिंपावे, आणि बोटांच्या फटींतून पाणी निघाले तर ऊन देऊन थांबावे.

मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवण्याला अर्थ नाही, कारण दाब खालपर्यंत पोहोचत नाही. रोलर असेल तर सुटी माती २० सेंमी. पसरून ती १५ सेंमी.पर्यंत दाबावी, घरगुती कामातल्या प्लेट काँपॅक्टरसाठी (थरथरत्या पत्र्याने माती दाबणाऱ्या छोट्या यंत्रासाठी) थर याहूनही पातळ ठेवावा, आणि भिंतीलगत व कोपऱ्यांत, जिथे यंत्र पोहोचत नाही, तिथे धुम्मस (हाताने आपटायचा जड ठोकळा) वापरावा. मोठा भराव असेल तर त्यावरून एक पावसाळा जाऊ द्यावा, असे जुने गवंडी सांगतात. घाई असलेल्या मालकाला हे पटत नाही, पण सल्ला खरा आहे. शेवटी भरलेला ट्रक सावकाश फिरवून चाकांच्या मागेपुढे जमीन फुगते का ते पाहावे. फुगेल तेवढा भाग उकरून पुन्हा भरावा.

मुरमावर येणारा खडीचा थर नुसत्या मोटारींसाठी १५ ते २० सेंमी. पुरतो. मात्र उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आत येणार असेल तर तो जाड ठेवावा, कारण १०,००० लिटरच्या टँकरमध्ये पाण्याचेच वजन १० टन भरते. या थरात जांभ्याचे तुकडे वापरू नयेत. ओले असताना ते चाकाखाली भरडले जाऊन त्यांचा लाल चिखल होतो. काळ्या दगडाची लहानमोठी मिसळलेली खडी आणि चुरी यांचा थर घट्ट बसतो. चिरे मात्र कडेला उभे करून काँक्रीटमध्ये बसवल्यास वाटेला उत्तम आवळण मिळते. पेव्हरखालची वाळू २५ ते ४० मिमी.च असावी, कारण खडीतले खड्डे वाळूने भरून लपवले तर ते पहिल्याच पावसात वर येतात.

ढाळ वाळूत काढण्याची चूक टाळून तो मूळ मातीपासून प्रत्येक थरात द्यावा लागतो. रुंदीला ५० त १ असा ढाळ धरल्यास ३ मी. वाटेवर ६ सेंमी. फरक येतो, आणि तो पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने सहज ताडता येतो. ढाळ घराकडे नसावा हे उघड आहे. पण गोव्यातल्या अनेक गावांत डांबराचे थर चढत जाऊन रस्ताच आवारापेक्षा उंच झालेला असतो, आणि पाणी फाटकातून आत येते. तिथे फाटकालगत आडवे, जाळी झाकलेले गटार काढून त्याचे पाणी बाजूला न्यावे. रस्त्याकडेच्या सार्वजनिक गटारावरून वाट जात असेल तर त्यात पुरेशा व्यासाचा पाइप घालण्याची परवानगी आधीच घ्यावी. नळ, वीज आणि इंटरनेट यांच्या नळ्या, व पुढे कधी लागेल म्हणून एक रिकामी नळी, खडी पडण्यापूर्वी पुरून घ्याव्यात. सेप्टिक टँकच्या झाकणावरून चाक जाणार नाही अशी आखणी करावी. तसे शक्य नसेल तर झाकण वाहनाचा भार पेलेल असे नव्याने ओतावे.

कामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. मेच्या मध्याला उघडलेली खोदाई पहिल्या वळिवाच्या सरीत तळ्यासारखी भरते. मग पाणी उपसून भिजलेला वरचा थर पुन्हा काढावा लागतो, आणि तोवर मजूरही शेताच्या कामाला लागलेले असतात.