चिपच्या अंगावरचे ठोके

नाशिकच्या भांडीबाजारात तांब्याचं मठारलेलं घंगाळ मिळालं, तर जरा उन्हात धरून पाहा. अंगभर हातोडीचे ठोके चमकतात. शेजारचं घंगाळ त्याच कारागिराचं, त्याच हातोडीचं, तरी ठोके वेगळे. तेच ठोके पुन्हा तसेच उठवायला सांगितलं, तर खुद्द तांबटालाही जमायचं नाही.

चिपचंही तसंच असतं. तिच्यातले ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणारे चिमुकले स्विच, आता इतके बारीक झालेत, की कित्येकांत मुद्दाम मिसळलेले बोरॉनसारखे अणू जेमतेम काही डझन असतात. त्यातला कुठला अणू कुठे बसेल, हे कारखान्याच्या हातात नसतं. म्हणून एकाच आराखड्याच्या दोन चिपांमधले ट्रान्झिस्टर किंचित वेगळ्या व्होल्टेजला चालू होतात. हा फरक कमी करायला अभियंते जिवाचं रान करतात. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात श्रीनिवास देवदास आणि सहकाऱ्यांनी त्यालाच चिपची ओळख बनवलं.

मला यातला सर्वांत देखणा प्रकार वाटतो तो एसरॅमचा, म्हणजे वीज असेपर्यंतच माहिती धरून ठेवणाऱ्या चिपमधल्या मेमरीचा. तिच्या एका घरात सहा ट्रान्झिस्टर असतात. त्यांच्या दोन बाजू एकमेकींना उलट दिशेला रेटतात. वीज येताच क्षणभर रस्सीखेच होते, जी बाजू तसूभर जोरकस ती जिंकते, आणि घरात ० किंवा १ उमटतो. अशा हजारो घरांच्या निकालांतून गुप्त किल्ली, म्हणजे माहिती कुलूपबंद करणारी आकड्यांची रांग, तयार होते. एरवी किल्ली चिपमध्ये साठवलेली असते आणि चिप सोलून ती वाचता येते. इथे वीज बंद असताना किल्ली कुठे लिहिलेलीच नसते.

आता ही चिप निफाडच्या द्राक्षबागेत, ठिबकच्या कंट्रोलरमध्ये बसवली असं समजा. डिसेंबरच्या पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. मे महिन्यात तोच डबा उन्हात तापून निघतो. जी घरं अगदी काठावर असतात, त्यांचा निकाल अशा वेळी उलटतो, आणि किल्लीत एक आकडाही चुकून चालत नाही. म्हणून पहिल्यांदा निकाल नोंदवतानाच थोडी दुरुस्तीची माहिती बाजूला काढून ठेवतात. तिच्या आधारे चुकलेले आकडे जागेवर येतात, पण नुसती ती चोराच्या हाती पडली तरी किल्ली उलगडत नाही. खरं कसब मला इथे दिसतं.

नक्कल अगदीच अशक्य आहे असं मात्र नाही. २०१३ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी आयनांच्या झोताने दुसऱ्या चिपमध्ये फेरफार करून एसरॅमचा असा ठसा उतरवून दाखवला. पण त्याला महागडी यंत्रं लागतात, आणि एका डब्याची किल्ली मिळाली तरी शेजारच्या बागेतल्या डब्यासाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.