चित्र सरकलंय की कापलं गेलंय?

जुन्या मॉनिटरवर डावीकडचे आयकॉन अर्धेच दिसू लागले की बहुतेक जण थेट मेनूत शिरून पोझिशन बदलत बसतात. त्याआधी उजवी कड बघा. डावीकडे जेवढं गेलंय साधारण तेवढीच काळी पट्टी उजवीकडे असेल, तर चित्र सरकलंय. चारही बाजूंनी थोडं थोडं गायब असेल, टास्कबारही अर्धा असेल, तर चित्र मधोमधच आहे. ते फुगवल्यामुळे कडा कापल्या गेल्यात.

सरकणं हा मुख्यतः व्हीजीए केबलचा त्रास. 1987 पासूनच्या या अॅनालॉग जोडणीत मॉनिटरला नवी ओळ आल्याचा इशारा मिळतो, तो म्हणजे सिंक. ओळीतला चित्राचा पहिला ठिपका (पिक्सेल) नेमका कधी येणार, हे मात्र कुणी सांगत नाही. 640×480 च्या मूळ मोडमध्ये एका ओळीला 800 ठिपक्यांचा वेळ असतो आणि दिसतात 640. उरलेल्या वेळात सिंक आणि त्याच्या आगेमागची मोकळी जागा. या जागेच्या वाटणीबाबत ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर यांचं जुळलं नाही, की चित्र सरकतं. म्हणून रेझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा नव्यानं काढलं जातं तो आकडा) बदलल्यावर हा प्रकार हमखास दिसतो.

एलसीडीवर, म्हणजे चपट्या मॉनिटरवर, उपाय म्हणजे चित्र आपोआप जुळवणारं ऑटो बटण. पण ते दाबण्याआधी पूर्ण स्क्रीनभर पांढरं चित्र उघडा, हे कृपया टाळू नका. मॉनिटर चित्राची कड उजेडावरून शोधतो. वॉलपेपर काळा असेल तर तो फसतो आणि ऑटोनं उलट बिघडतं. नंतर अक्षरं थरथरत असतील तर मॉनिटरच्या मेनूतला फेज, उभे पट्टे दिसत असतील तर तिथलाच क्लॉक हातानं जुळवा. सीआरटीवर, म्हणजे काचेच्या नळीच्या जुन्या अवजड मॉनिटरवर, हॉरिझॉन्टल पोझिशन हातानंच फिरवायची, तीही बाहेरून. कव्हर उघडू नका. बंद केल्यावरही आत जीवघेणा व्होल्टेज साठून राहू शकतो.

कापलं जाणं म्हणजे ओव्हरस्कॅन, आणि ते बहुधा एचडीएमआयवर भेटतं. मॉनिटर सिग्नलला टीव्हीचा समजतो आणि जुन्या टीव्हींच्या रिवाजानं कडा पडद्याबाहेर ढकलतो. इथे पोझिशन बदलून एक बाजू दिसली तर दुसरी आणखी जाते. मॉनिटरच्या मेनूत ओव्हरस्कॅन बंद करा. काहींत तोच पर्याय 'जस्ट स्कॅन' किंवा '1:1' नावानं असतो. ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमधून (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) चित्र आकसून बसवणं मी शेवटचा उपाय मानतो, कारण मग ठिपक्याला ठिपका जुळत नाही आणि अक्षरं धूसर होतात.