मूकपटाची साथ : वेगाचा प्रश्न जुनाच

‘राजा हरिश्चंद्र’ची जाहिरात ५७,००० छायाचित्रांचा खेळ म्हणून झाली होती. मूकपट चालू असताना पडद्यापुढे बसून वाजवणाऱ्या साथीदारासाठी हा आकडा फार मोलाचा आहे. सेकंदाला १६ चौकटी (फ्रेम) या वेगाने तेवढी चित्रं सरकायला ५९ मिनिटं लागतात. बोलपटाच्या २४ च्या वेगाने तोच खेळ ४० मिनिटांत आटोपतो. मूकपटाला वाजवताना जे बिघडतं, त्यातलं बरंचसं या फरकातून येतं.

त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, त्यामुळे एकाच चित्रपटातही वेग कमीजास्त होई. म्हणून साथीदाराची नजर पडद्यावरच असायची. पॅरिसमध्ये २८ डिसेंबर १८९५ ला ल्युमिएर बंधूंच्या खेळाला पियानो होता. पुढे युरोप-अमेरिकेने साथीचं संगीत लिहून ठेवण्याची वाट धरली. १९०८ मध्ये संगीतकार सां-साँस यांनी एका फ्रेंच चित्रपटासाठी स्वतंत्र संगीत रचलं. १९२४ मध्ये एर्नो रापे यांचा मूकपटाला वाजवायच्या तुकड्यांचा जाडजूड संग्रह आला. त्यात प्रत्येक पानाच्या समासात प्रसंगांची सूची छापलेली होती, वाजवता वाजवता पान उघडता यावं म्हणून.

आपल्याकडे ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. देशी मूकपटांना पडद्यापुढे पेटी-तबला असे. लिहिलेल्या स्वरलिपीपेक्षा ही पद्धत वेगाच्या चढउताराला जास्त सोयीची होती, असं आमचं ठाम मत आहे. १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ हा बोलपट आला आणि ही साथ थोड्याच वर्षांत संपली.

पुढे ती पुन्हा सुरू झाली. १९८० मध्ये संगीतकार कार्ल डेव्हिस यांनी लंडनमध्ये ‘नेपोलियन’ या मूकपटाला वाद्यवृंदाची साथ दिली, १९८२ पासून इटलीत पोर्देनोनेचा मूकपट महोत्सव भरू लागला. ‘शिराझ’ हा मूकपट २०१७ मध्ये अनुष्का शंकर यांच्या संगीतासह लंडनला आणि नंतर भारतातही दाखवला गेला.

आज साथ करायची तर पहिली गोष्ट : सरावाची आणि खेळाची प्रत एकाच वेगाची हवी. १८ चौकटींच्या प्रतीवर मिनिट-सेकंद टिपले आणि प्रयोगाला २४ ची फाइल आली, तर अर्ध्या तासाची जागा साडेबावीस मिनिटांनाच येऊन उभी राहते. म्हणून वेळेसोबत दृश्याची खूणही लिहावी : दार उघडलं, पाटी (पडद्यावरचा मजकूर) आली, पाण्यात उडी.

दुसरी गोष्ट ठेक्याची. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत तीनतालाचं १६ मात्रांचं आवर्तन ८ सेकंदांचं होतं. प्रसंग मध्येच पालटला तर सम (आवर्तनाची पहिली मात्रा) येईपर्यंत संगीत मागच्याच प्रसंगात अडकतं. दादऱ्याचं सहा मात्रांचं आवर्तन ३ सेकंदांत संपतं, वळायला सोपं. ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) पाण्यातली झुंज आणि काठावरची घाबरी माणसं आलटून पालटून दिसतात. तिथे दर वेळी चाल बदलली की तुकडे पडतात. ठेका तोच ठेवावा. काठ दिसला की पेटी खालच्या सप्तकात आणावी, तबलजीने चाट (तबल्याची कड) सोडून बाया (डावा, खर्जाचा डग्गा) धरावा.

पेटीवरचा दिवा झाकलेला हवा, नाहीतर उजेड पडद्यावर जातो. आणि भाता जुना असेल तर शांत प्रसंगात त्याचा फुसफुसाट शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून जपलेल्या प्रतीत पहिलं आणि शेवटचं रीळच उरलं आहे. काही अभ्यासक ती १९१७ च्या नव्या आवृत्तीची मानतात. दोन रिळांच्या सांध्यावर कथा एकदम पुढे उडी घेते. तिथे ठेका थांबवून पेटीवर नुसता षड्ज (सा) धरावा, आणि पुढची पाटी वाचून झाल्यावरच तबला उचलावा.