जुन्या विंडोजला आभासी यंत्रात जागा का द्यावी लागली

पंचवटीतल्या आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात सीडींचे एक पाकीट आहे. त्यातल्या एका सीडीवर मोठ्या भावाच्या अक्षरात 'गाड्यांचा गेम' असे काळ्या मार्करने लिहिलेले आहे. सीडीवर एक ओरखडाही नाही. तरीही आजच्या लॅपटॉपवर तिच्यातल्या सेटअपवर दोनदा क्लिक केले की, हा प्रोग्रॅम या संगणकावर चालू शकत नाही, एवढाच संदेश येतो.

याचे मूळ १९९५ च्या सुमारास आहे. त्या वर्षीच्या २४ ऑगस्टला विंडोज ९५ बाजारात आले आणि खेळ ३२-बिट होऊ लागले (बिटचा हा आकडा म्हणजे प्रोग्रॅम एका दमात किती माहिती हाताळतो त्याचे माप). पण ते संगणकावर चढवणारा सेटअप अनेकदा १६-बिटच राहिला, कारण तो बनवण्याची साधने जुनी होती आणि विंडोज ३.१ वरही तो निदान उघडावा लागे. पुढे, आजच्या लॅपटॉपवर असते त्या ६४-बिट विंडोजमधून मायक्रोसॉफ्टने १६-बिट प्रोग्रॅमचा आधार काढून टाकला. इन्स्टॉलशील्ड या सेटअप बनवणाऱ्या साधनाच्या काही ठरावीक जुन्या सेटअपना ओळखून त्यांच्या जागी ३२-बिट आवृत्ती चालवण्याची सोय कंपनीने ठेवली, पण त्या यादीत न बसणारे खेळ दाराशीच अडकले. खेळ धडधाकट आणि उंबरठाच नाहीसा झालेला, अशी ही अवस्था मला फार चुटपूट लावून जाते.

यावरचा उपाय म्हणजे आभासी यंत्र, अर्थात खऱ्या संगणकाच्या आत प्रोग्रॅमने उभा केलेला दुसरा संगणक, ज्यात जुनी विंडोज चढवता येते. ही कल्पना मात्र खेळांसाठी जन्मलेली नव्हती. एकच महागडा संगणक अनेकांना स्वतंत्र यंत्रासारखा वापरता यावा म्हणून आयबीएमने १९६० च्या दशकात तिच्यावर काम केले आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० जाहीर केले. घरगुती संगणकाच्या प्रोसेसरवर हे साधणे अवघड मानले जाई. १९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशनने ते करून दाखवले. २००७ मध्ये आलेल्या व्हर्च्युअलबॉक्सनेही ही सोय फुकट हाती दिली. २००९ मध्ये विंडोज ७ च्या वरच्या आवृत्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टनेच 'एक्सपी मोड', म्हणजे आभासी यंत्रात चालणारी जुनी विंडोज एक्सपी, दिला. तो कार्यालयीन प्रोग्रॅमसाठी होता, पण जुन्या प्रोग्रॅमला जुनी विंडोजच हवी, हे त्यातून कंपनीनेच मान्य केले.

तरी प्रत्येक जुनी विंडोज आभासी यंत्रात सुखाने नांदत नाही. विंडोज ९५ तर २.१ गिगाहर्ट्झहून वेगवान प्रोसेसरवर सुरू होतानाच कोलमडते, कारण वेळ मोजणाऱ्या तिच्या एका चक्राचे काम इतक्या लवकर आटोपते की शून्याने भागण्याची वेळ येते. विंडोज ९८ साठी व्हर्च्युअलबॉक्सचे स्वतःचे ड्रायव्हर (विंडोजला यंत्राचे भाग वापरू देणारे छोटे प्रोग्रॅम) नाहीत, म्हणून पडदा सुरुवातीला १६ रंगांवरच अडतो. थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू या ग्राफिक्स कार्डासाठी लिहिलेल्या खेळांना तर ते कार्डच समोर दिसावे लागते; त्यासाठी जुन्या संगणकाचे सगळे सुटे भाग हुबेहूब उभे करणारे ८६बॉक्ससारखे प्रोग्रॅम लागतात, जे आभासी यंत्रापेक्षा बरेच संथ चालतात.

आमच्या खेळाला इतके काही लागले नाही. सीडीची आयएसओ फाइल, म्हणजे तिची हुबेहूब प्रत, केली, ती ३२-बिट एक्सपीच्या आभासी यंत्राला जोडली आणि या विंडोजमध्ये १६-बिटचा आधार शाबूत असल्याने सेटअप पहिल्याच क्लिकला उघडला. ग्राफिक्स कार्डाविना, केवळ प्रोसेसरवर चित्र रेखाटण्याचा पर्याय खेळातच होता. तो निवडल्यावर शर्यतीचा हिरवा दिवा लागला. त्या यंत्राची इंटरनेट जोडणी मी बंद ठेवली आहे, कारण ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार संपला, म्हणजे तिच्या सुरक्षेतल्या त्रुटी दुरुस्त होणे थांबले.