चिपचा सिलिकॉन, कूलरचा सिलिकोन

मार्च लागला की नागपुरात कूलर माळ्यावरून उतरतो, टाकी गळते आणि कुणीतरी हार्डवेअरच्या दुकानात 'एक सिलिकॉन द्या' म्हणतं. त्याच संध्याकाळी टीव्हीवर चिपच्या कारखान्याची बातमी लागते, आणि शेजारचे काका सीलंटवाल्या कंपनीचे शेअर घ्यायला निघतात. 'एकच तर आहे, काय फरक पडते?' पडते काका, लय पडते.

चिपचा सिलिकॉन तुम्हाला ठाऊकच आहे: मूलद्रव्य, ठिसूळ, अर्धवाहक. नळीतून निघतो तो सिलिकोन. सिलिकॉन आणि ऑक्सिजनची आलटूनपालटून साखळी, बाजूला कार्बनी गट. लवचीक, वीज अडवणारा. मिठात सोडियम असतं म्हणून कोणी वरणात सोडियम टाकत नाही. तरी मराठी पेपर दोन्हींना 'सिलिकॉन'च छापतात. 'कॉ'चा 'को' करायला शाई जास्त लागते का? 'सिलिकोन' हे मूळ नावही चुकूनच पडलेलं: विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ किपिंग यांना हे पदार्थ कीटोन नावाच्या कार्बनी संयुगांचे भाऊबंद वाटले. रचना तशी निघाली नाही, नाव मात्र चिकटलं.

एवढं कळलेले लोकही पुढे धंद्यात फसतात, कारण दोन्हींचं माहेर एकच. गारगोटीचा दगड कोळशासोबत विजेच्या भट्टीत घालून सिलिकॉन काढतात, धंद्यात त्याला 'सिलिकॉन धातू' म्हणतात. टनामागे साधारण ११ ते १३ हजार युनिट वीज जाते. तिथून वाटा फुटतात. एका वाटेवर तो शुद्ध करत करत पॉलिसिलिकॉन होतो आणि सोलर, चिपकडे जातो. दुसऱ्या वाटेवर तांब्याच्या उत्प्रेरकावर, ३०० अंशांच्या आसपास, मिथाइल क्लोराइडशी त्याची गाठ घालतात. ही युक्ती १९४० ची, जनरल इलेक्ट्रिकच्या रोकाव यांची. अख्खा सिलिकोन उद्योग आजही तिच्यावरच चालतो.

म्हणून धातू महागला की झळ दोघांनाही बसते. गिऱ्हाईक मात्र वेगळं. सिलिकोनची वाढ बांधकाम, विजेवरच्या गाड्या, सौंदर्यप्रसाधनं, दवाखान्यातल्या नळ्या यांवर. चिपची मागणी वाढल्याने सीलंट जास्त खपत नाही. चीन दोन्हीकडे सगळ्यात मोठा उत्पादक, आणि तिथे कारखाने मागणीपेक्षा जास्त झाले की जगभर भाव पडतात, पण दोन्हींचे एकाच वेळी पडतील असं नाही. त्यात जर्मनीची वाकर सिलिकोन आणि पॉलिसिलिकॉन दोन्ही बनवते, जपानची शिन-एत्सु सिलिकोन आणि चिपसाठी लागणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्या. नुसतं कंपनीचं नाव वाचून काही कळत नाही. नफा कोणत्या विभागातून आला ते बघा. अमेरिकेच्या डाऊला मात्र चिपवाली समजू नका, या दोन्हींपैकी तिचा माल सिलिकोन.

सिलिका जेल, ती चपलांच्या डब्यातली पुडी, हे तिसरंच. सोडा.

दोन्ही एकत्र बघायचे तर गच्चीवरचं सोलर पॅनल बघा: आतले सेल सिलिकॉनचे, चौकटीची फट बहुधा सिलिकोनने बुजवलेली. आणि कूलरसाठी नळी घेताना 'न्यूट्रल' मागा. व्हिनेगरसारखा वास येणारी स्वस्त नळी सुकताना आम्ल सोडते, जस्त चढवलेला पत्रा खाते.