खोक्यावरचे १६ फेज

ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्यासाठी, मदरबोर्ड घ्यायला निघालेला माणूस आधी खोक्यावरचा आकडा बघतो: १६ फेज. फेज जास्त म्हणजे बोर्ड भारी, हा समज आता दुकानदारांनीही उचललाय. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

पॉवर सप्लायकडून बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात आणि प्रोसेसरला हवे असतात जेमतेम सव्वा. २०० वॉट खाणारा प्रोसेसर १.२५ व्होल्टवर १६० अँपिअर ओढतो. गीझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटच्या दहापट! हा खालचा व्होल्टेज तयार करणं हे प्रोसेसरच्या सॉकेटशेजारच्या व्हीआरएमचं, म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर मॉड्यूलचं काम.

त्यातला मॉस्फेट हा स्विच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, आणि जेमतेम दहा टक्के वेळच चालू असतो. पुढच्या चोकमधून, म्हणजे त्या चौकोनी ठोकळ्यातल्या तारेच्या वेटोळ्यातून जाणारा प्रवाह एकदम बदलू शकत नाही. स्विच बंद झाला तरी चोकच्या चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा प्रवाह चालू ठेवते. सरासरी निघते सव्वा व्होल्ट, वर थोडी थरथर. मॉस्फेट आणि चोकची अशी एक जोडी म्हणजे एक फेज. असे आठ फेज पाळीपाळीने चालवले की एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारात जिरतो. शिवाय प्रत्येकाच्या वाट्याला २० अँपिअरच येतात. रोधामुळे होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ती एकूण आठव्या हिश्श्यावर येते.

आता खोक्यावरची चलाखी. बऱ्याच ‘१६ फेज’ बोर्डांवर फेजना पाळी देणाऱ्या कंट्रोलरचे सिग्नल आठच असतात आणि प्रत्येकावर दोन-दोन मॉस्फेट जोडलेले असतात. उष्णता वाटली जाते, पण थरथर आठ फेजइतकीच राहते. म्हणून मॉस्फेट ५० अँपिअरचा की ९० चा, हे आधी बघावं. ‘मिलिटरी ग्रेड’ आणि रंगीत दिव्यांनी इलेक्ट्रॉन जरासुद्धा बिचकत नाहीत.

वेग ५ वरून ५.४ गिगाहर्ट्झवर न्यायला व्होल्टेज १.२ वरून १.३५ करावा लागला, असं धरू. वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गात. वेग वाढला ८ टक्के, वीज सुमारे ३७ टक्के.

लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे प्रोसेसरवर कामाचा लोड आल्यावर व्होल्टेज किती पडू द्यायचा हे ठरवणारी सेटिंग, सर्वात वरच्या पायरीवर ठेवायचा मोहही आवरावा. लोड आल्यावर व्होल्टेज थोडा पडू देणं हे मुद्दामच केलेलं असतं. तो अजिबात पडू दिला नाही, तर लोड अचानक सुटताच उसळी येते. ती काही मायक्रोसेकंदांची, मल्टिमीटरला दिसतही नाही. मधली पायरी बरी.

वाढवलेला वेग स्थिर आहे का, हे तपासायला प्राइम९५. मर्सेन मूळसंख्या (२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळसंख्या) शोधण्यासाठी लिहिलेला हा प्रोग्राम हिशेब करतानाच पूर्णांकनाची चूक तपासत राहतो, त्यामुळे विंडोज शांत असतानाही चुकलेलं गणित तो पकडतो. चाचणी चालू असताना व्हीआरएमच्या तापमानावर डोळा ठेवा. परीक्षणात २२ अंशांच्या खोलीत ८५ अंश दाखवणारा व्हीआरएम नागपूरच्या मे महिन्यात, ४२ अंशांच्या खोलीत, १०५ च्या घरात जाईल. पारा आणखी चढला की बरेच बोर्ड स्वतःच प्रोसेसरचा वेग खाली आणतात, आणि मिळवलेले ४०० मेगाहर्ट्झ तिथेच जातात.