चित्रकार मनाचा राजा नव्हता

रेनेसाँसचा, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळातला, चित्रकार मनाला येईल ते रंगवायचा आणि आश्रयदाता फक्त थैली सोडायचा, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. १४८५ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या इन्नोचेन्ती अनाथालयाने चित्रकार दोमेनिको गिर्लांदायोशी केलेला करारच बघा. चित्र कागदावरच्या ठरलेल्या आराखड्याप्रमाणे हवं. मुदत ३० महिने. मोबदला ११५ फ्लोरिन (फ्लॉरेन्सची सोन्याची नाणी), तोही दरमहा ३ च्या हप्त्याने. उशीर झाला तर दंड. आणि निळा रंग? औंसाला सुमारे ४ फ्लोरिन किमतीचाच! हा निळा अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून बनायचा, म्हणून एवढी काटेकोर अट. बालयेशूच्या दर्शनाला आलेल्या राजांचं ते देखणं चित्र आजही तिथल्याच संग्रहालयात आहे. मला तर त्यात गिर्लांदायोच्या हाताइतकीच अनाथालयाची इच्छाही दिसते.